हातात आलेले आकडे: कामशेतमधली विंगची तपासणी आणि रिझर्व्हची घडी

गेल्या वर्षी मी माझी पॅराग्लायडिंगची विंग, म्हणजे उडायचा कापडी पंख, तपासायला कुरियरने पाठवली होती. कुठे ते इथे सांगत नाही. तीन आठवड्यांनी ती परत आली तेव्हा पिशवीच्या कप्प्यात एक कार्ड होतं आणि कार्डावर गोल शिक्का: 'तपासले'. किती भरलं, कशाने मोजलं, कुठल्या तक्त्याशी ताडून पाहिलं, यातलं काहीच नाही. मी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. असा रिपोर्ट घेऊन कोणी सप्लायर आला तर त्याचा लॉट आम्ही गेटवरूनच परत पाठवतो. तरीही त्या एका शिक्क्याच्या भरवशावर मी अख्खा सीझन पॅराग्लायडिंग केलं. वर्षभर ते मनात डाचत राहिलं.

म्हणून या वर्षी कामशेतला दोन दिवस तपासणी आणि रिपॅक (रिझर्व्ह पॅराशूटची नव्याने घडी) होणार आहे ही बातमी आमच्या गटात आली, त्याच दिवशी मी नाव दिलं. काम करणारे दादा (नाव छापू नका असं त्यांनी सांगितलंय, म्हणून इथे दादाच) गेली कित्येक वर्षं याच टेकड्यांवर उडतात. त्यांचं दुकान नाही, पाटी नाही. दसऱ्याच्या आधीचा शनिवार-रविवार त्यांनी ठरवला होता. चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात, त्यामुळे स्टेशनपासून चालत जाता येईल असं एक मंगल कार्यालय रिकामं आणि स्वस्तात मिळालं. मी चिंचवडहून सकाळची लोणावळा लोकल धरली. पाठीवर पंधरा किलोची पिशवी असली की गर्दीत माणसं आपसूक जागा करून देतात. कान्हे सुटलं की खिडकीतून भातखाचरं दिसायला लागतात. मावळातला इंद्रायणी तेव्हा पोटरीला आलेला असतो.

ज्यांचा या खेळाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपण उडतो ती विंग म्हणजे रिपस्टॉप नायलॉनच्या कापडाचा पंख, आणि त्याला खाली बारीक दोऱ्या असतात, त्यांना आम्ही लाइन म्हणतो. आपण बसतो तो हार्नेस. आणि हार्नेसच्या एका डब्यात घडी घालून ठेवलेलं असतं ते रिझर्व्ह, म्हणजे विंग हवेत मिटली आणि सावरेना, तर हाताने ओढून फेकायचं पॅराशूट. विंग रोज उघडते, डोळ्यांसमोर असते. रिझर्व्ह डब्यात असतं आणि देवाच्या कृपेने वर्षानुवर्षं तिथेच राहतं. ते कसं आहे हे डबा उघडल्याशिवाय कळत नाही. कामशेतला जून ते सप्टेंबर उड्डाण बंद असतं. ते चार महिने रिझर्व्ह पावसाळी दमटपणात, दाबलेल्या अवस्थेत पडून राहतं. नायलॉनचे थर एकमेकांना चिकटून बसतात, रबरबँड सुकतात किंवा चिकट होतात. बहुतेक कंपन्या वर्षातून निदान एकदा आणि बऱ्याच तर सहा महिन्यांनी घडी उघडून नव्याने घालायला सांगतात.

हॉलमध्ये शिरल्या शिरल्या पहिलं काम वजनाचं. पोती तोलतात तो काटा मांडला होता. हार्नेस, विंग, हेल्मेट, बूट, पाण्याची बाटली, सगळं घेऊन उभं राहायचं. माझं 79 किलो भरलं, माझं रिझर्व्ह 100 किलोपर्यंतचं आहे, म्हणजे ठीक. माझ्यामागे एक तरुण मुलगा होता, त्याचं सगळं मिळून 118 भरलं आणि त्याचंही रिझर्व्ह 100चंच. कोणाकडून तरी जुनं स्वस्तात घेतलेलं. दादांनी त्याला बाजूला बसवून समजावलं. रिझर्व्हसाठीचं जे युरोपियन मानक आहे, ईएन 12491, त्यात पूर्ण भाराला खाली येण्याचा वेग सेकंदाला साडेपाच मीटरच्या वर जाता कामा नये असं आहे. साडेपाच मीटर म्हणजे साधारण दीड मीटर उंचीवरून खाली उडी मारल्यासारखं. पाय जुळवून, गुडघे थोडे वाकवून उतरलं तर माणूस उठून उभा राहतो. पण ते 100 किलोला. 118ला वेग वाढतो, आणि तो मुलगा दिवाळीनंतर हिमाचलमधल्या बीरला उडायला जाणार होता. तिथलं बिलिंगचं टेकऑफच 2400 मीटरच्या आसपास आहे, तिथल्या विरळ हवेत तो आणखी वाढतो. दादा म्हणाले, "याची घडी मी घालून देतो, पण कार्डावर 'तुमच्या वजनाला अपुरं' असं लिहिणार. चालेल?" मुलगा जरा हिरमुसला, पण हो म्हणाला. घडीचे पैसे घेऊन गप्प बसता आलं असतं. दादांनी तसं केलं नाही, आणि माझा त्यांच्यावरचा विश्वास तिथेच बसला.

मग आली फेक.

कार्यालयाच्या लोखंडी तुळईला साखळ्या लावून दोन कॅराबिनर (हार्नेस अडकवायच्या धातूच्या कड्या) टांगले होते. आपापल्या हार्नेसमध्ये बसायचं, हेल्मेट घालायचं, हातमोजे घालायचे, जसं हवेत असतो तसं. दोघंजण हार्नेस धरून गदागदा हलवतात, गोल फिरवतात. मग दादा ओरडतात, "फेका!"

मला पाठ होतं: बघा, धरा, ओढा, फेका. उजव्या नितंबापाशी लाल हँडल. मी बघितलं, धरलं, ओढलं आणि ते हललंच नाही. हँडलखालचं वेल्क्रो इतके महिने दाबून राहून घट्ट बसलं होतं. मी दुसऱ्यांदा जोर केला तेव्हा सुटलं, पण मी वरच्या दिशेने ओढत होते. डबा उघडला, आतली पिशवी बाहेर आली आणि माझ्या हातातच लोंबत राहिली. ती दूर भिरकावून द्यायची असते. मी ती नुसती सोडून दिली. पिशवी पायाशी पडली, न उघडता.

एका मुलीने फोनवर वेळ मोजली होती: साडेचार सेकंद.

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. आमच्या टेकड्या काही हिमालय नाहीत. सोअरिंग करताना, म्हणजे उताराला लागून वर चढणाऱ्या वाऱ्यावर तरंगताना, आपण उतारापासून पुष्कळदा साठ-सत्तर मीटरच वर असतो. विंग मिटून गरगरत खाली यायला लागली की सेकंदाला दहा-पंधरा मीटर उंची सहज जाते. साडेचार सेकंदांचा हिशेब तिथे बसलेल्या प्रत्येकाला करता येत होता. मी घामाने भिजले होते. पाच वर्षं मी ते हँडल प्रत्येक उड्डाणाआधी हाताने चाचपत आले आहे, पण ओढलं मात्र एकदाही नव्हतं.

दादांनी मला खाली उतरवलं नाही. टांगलेल्या अवस्थेतच त्यांनी पिशवी पुन्हा डब्यात बसवली, पिना घातल्या, वेल्क्रो दोनदा उघडून-लावून सैल केलं. मग हँडलला काट्याचा हूक अडकवून हळू ओढून दाखवलं. डबा सुटायला चार किलो लागले. वेल्क्रो सैल करण्याआधी हेच मोजलं असतं तर किती भरलं असतं कोण जाणे. "सातच्या आत हवं," ते म्हणाले. "आणि ताई, वर नाही. बाहेर ओढायचं, मग हात मागे नेऊन मोकळ्या आभाळाकडे फेकायचं. फेकताना हँडल सोडायचंच." दुसऱ्या खेपेला दोन सेकंद लागले. पिशवी हॉलच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली, लाइन सरसरत सुटल्या आणि पांढरं कापड फरशीवर पसरलं. माझंच रिझर्व्ह मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मग फेकल्यानंतरचं. रिझर्व्ह उघडलं तरी काम संपत नाही. मिटलेली विंग पुन्हा भरून उडू लागली तर दोन्ही एकमेकांपासून दूर ओढत माणसाला जमिनीकडे नेतात, म्हणून ब्रेकच्या लाइन (विंगची मागची कड खाली ओढणाऱ्या) हाताभोवती गुंडाळत विंग जवळ ओढून घ्यायची. हेही त्यांनी टांगलेल्या अवस्थेत करून घेतलं. प्रत्येकाकडून.

सगळ्यांची रिझर्व्ह मग तशीच उघडी, शिखराकडून टांगून, रात्रभर हॉलमध्ये हवेवर सोडली. दहा-बारा पांढरी, केशरी, पिवळी पॅराशूटं ओळीने छताला लटकत होती. मंगल कार्यालयाच्या राखणदाराने रात्री दार लावण्याआधी आपल्या नातवाला बोलावून ती दाखवली.

दुपारचं जेवण तिथेच होतं, भात, आमटी, वांग्याची भाजी. चव चांगली होती.

शनिवारची दुपार विंगची. कापडाची तपासणी लवकर उरकली. एक छोटं यंत्र कापडावर चिमटून धरतात आणि ठरावीक हवा कापडातून आरपार यायला किती सेकंद लागतात ते मोजतात. जास्त सेकंद म्हणजे कापडाचा लेप शाबूत. माझ्या विंगचे पुढच्या कडेपाशी मधोमध 96, बाकी ठिकाणी 131 ते 210 भरले. मधला भाग कमी भरतो कारण टेकऑफच्या आधी विंग पसरून ठेवली की तोच ऊन आणि माती जास्त खातो. मग एक सुई कापडात टोचून 600 ग्रॅमपर्यंत ताण देतात, कापड फाटत जातं का ते पाहायला. फाटलं नाही. पाच वर्षं जुन्या, सव्वाशे तास उडालेल्या विंगसाठी हे मला समाधानकारक वाटलं.

खरी गोष्ट लाइनमध्ये निघाली.

हॉलच्या एका टोकाला भिंतीत हूक, दुसऱ्या टोकाला तिपाईवर लेझरचं मोजमाप. प्रत्येक लाइनला पाच किलोचा ताण देऊन रायझरपासून (लाइन हार्नेसला जोडणारे पट्टे) कापडापर्यंतची लांबी मोजायची. दोन्ही बाजूंच्या मिळून माझ्या विंगच्या 92 लाइन मोजल्या. एकजण ताण देतो, एकजण वाचतो, एकजण लिहितो. मी लिहायला बसले, कारण ते मला येतं. बाजूला कंपनीचा मूळ तक्ता ठेवला होता आणि दर ओळीत फरक मांडत होते. ए आणि बी या पुढच्या ओळी चार मिलिमीटरच्या आत. मागची सी ओळ सुरू झाली आणि आकडे सरकायला लागले: उणे 14, उणे 16, उणे 19. ब्रेकच्या लाइन उणे 20च्या आसपास. चालतं ते दहाच्या आत.

कारण साधं आहे, पण मी ते कधी कोणाकडून नीट ऐकलं नव्हतं. विंगच्या बऱ्याच लाइन डायनीमाच्या असतात. डायनीमा मजबूत असतो, पण भिजला, सुकला आणि त्याच्यावर भार नसला की हळूहळू आखडतो. पुढच्या ए आणि बी ओळींवर माणसाचं बहुतेक वजन असतं, त्या ताणलेल्या राहतात. मागच्या सी ओळीवर आणि ब्रेकवर भार कमी, त्या आखडतात. म्हणजे विंगची मागची कड नेहमीच थोडी खाली ओढलेली. न धरता ब्रेक धरल्यासारखं. मी डिसेंबर-जानेवारीत दव पडलेल्या गवतावरून सकाळी ग्राउंड हँडलिंग (जमिनीवरच विंग उभी करून हाताळण्याचा सराव) करते आणि विंग बऱ्याचदा दमट असतानाच गुंडाळते. ती सवय या आकड्यांत उतरली होती.

आणि मला मे महिना आठवला. टेकऑफला विंग डोक्यावर यायला वेळ घ्यायची, मागेच रेंगाळायची. मला वाटलं माझा धावण्याचा जोर कमी पडतोय, हात चुकतोय. आमच्यातल्या एक-दोघांनीही तसंच सांगितलं होतं. मी दोन रविवार नुसती ग्राउंड हँडलिंग करत बसले. दादांनी कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "तुमचा हात नव्हता हो ताई. विंगच मागे बसली होती." हे आणखी वाढलं असतं तर विंग हवेत पुढे जायचंच थांबवून सरळ खाली बसू लागते, त्याला डीप स्टॉल म्हणतात. बाहेरून विंग भरलेली दिसते, म्हणून नवख्याला कळत नाही.

गेल्या वर्षीच्या शिक्क्याच्या वेळी ही सी ओळ किती होती? उणे पाच, की उणे बारा? आज ते कळायला काही मार्ग नाही. राग शिक्क्याचा नाही तितका आकडे न मिळाल्याचा आहे. आकडे असते तर या वर्षीचे शेजारी मांडून दर वर्षी किती आखडतंय ते सांगता आलं असतं.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. कंपनीने सी ओळीच्या लाइनला रायझरच्या छोट्या कड्यांपाशी आधीच एक जादा वेढा दिलेला असतो, पुढे आखडणार हे धरूनच. आधी त्या लाइनना जरा जास्त भार देऊन ताणलं, मग तो वेढा सोडला, आणि सगळं पुन्हा मोजलं. पुन्हा मोजलं हे मी मुद्दाम लिहितेय. सी ओळीचे सगळे आकडे सात मिलिमीटरच्या आत आले. मग दादांनी संध्याकाळी शेजारच्या मोकळ्या मैदानावर विंग स्वतः दोनदा डोक्यावर उभी करून पाहिली.

रविवारी सकाळी नऊला सगळे घडी घालायला हजर, आणि दादा म्हणाले, थांबा. भिंतीवर आर्द्रता दाखवणारं घड्याळ होतं, त्यावर 82. "65च्या खाली आल्याशिवाय मी एकही पिशवी बंद करणार नाही. आता दमट बांधलं तर मार्चपर्यंत दमटच राहणार." पंखे फुल, खिडक्या उघड्या. ज्यांना दुपारी नाशिकला परतायचं होतं ते कुरकुरले. साडेअकराला 70, सव्वाबाराला 64. मग काम सुरू झालं. त्या तीन तासांत त्यांनी कोणाचंही ऐकलं नाही. हे मला फार आवडलं.

घडी दादांनी घालायची की आपण त्यांच्या नजरेखाली, हे आपण ठरवायचं, दर तोच. मी स्वतः घातली. माझं रिझर्व्ह गोल घेराचं, त्याला अठरा कळ्या. हो, कळ्याच. ठिगळं लावायला आलेल्या मावशी परकराच्या घेराला म्हणतात तोच शब्द इथे वापरत होत्या आणि दुपारपर्यंत आम्ही सगळेच वापरू लागलो. लाइन एकेक करून विंचरायच्या, कुठे पीळ नाही ना बघायचं. मग कळ्यांच्या काठांवरच्या छोट्या फासांतून एक लाल दोरी ओवून सगळे काठ एकत्र बांधायचे, आणि नऊ कळ्या डावीकडे, नऊ उजवीकडे, पुस्तकाच्या पानांसारख्या. एकेका कळीतली हवा तळहाताने बाहेर सारायची. वर वाळूच्या लांबट पिशव्या ठेवायच्या, म्हणजे कापड हलत नाही. मग उभ्या घड्या आणि शेवटी निऱ्यांसारखं पुढे-मागे दुमडत आतल्या पिशवीत. पिशवीच्या तोंडाशी लाइनच्याच वेढ्याने बंद होणारे दोन रबरबँड. माझे जुने बँड बोटाला चिकटत होते, गेल्या उन्हाळ्यात पिशवी गाडीच्या डिकीत राहिली होती. नवे घातले.

एक गोष्ट माझ्या कारखान्यातसुद्धा याहून बरी होत नाही. प्रत्येकाच्या शेजारी एक पांढरा रुमाल पसरलेला, त्यावर आठ चिमटे, लाल दोरी, चार वाळूच्या पिशव्या, एक ओढायची तार. सुरुवातीला मोजून सही. पिशवी बंद करण्याआधी पुन्हा मोजून सही. ती लाल दोरी घडीत राहून गेली तर रिझर्व्ह उघडणारच नाही. दादांचा नियम असा की दोरी ओढून काढायची आणि वर हात करून त्यांना दाखवायची. हॉलभर एकेक लाल दोरी वर होत होती. एका काकांचे सात चिमटे भरले. सगळ्यांचं काम थांबलं. त्यांनी घातलेली घडी पूर्ण उलगडली. आठवा चिमटा त्यांच्याच मांडीखाली सापडला. घडी पुन्हा पहिल्यापासून. काकांनी तक्रार केली नाही.

मावशींबद्दल दोन ओळी लिहायलाच हव्यात. कामशेतच्याच, एरवी ब्लाउज शिवतात. माझ्या विंगला खालच्या अंगाला करवंदीच्या जाळीत अडकून दोन सेंटिमीटरचा चिरा गेला होता. शिवणीपासून लांब असलेल्या बारीक चिऱ्याला त्या सुई लावतच नाहीत, दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीचं रिपस्टॉप, कोपरे गोल कापून. कोपरा टोकदार ठेवला की तिथून उचकटतं. शिवणीजवळच्या चिऱ्याला मात्र त्या जुन्या टाक्याच्या भोकांतूनच नवा टाका घेतात, म्हणजे कापडाला नवी भोकं पडत नाहीत. त्यांना विंग कधी उडताना जवळून पाहिली का विचारलं. म्हणाल्या, "रोज दिसतात की धुणं वाळत घालताना. कुठलं ठिगळ माझं, ते खालून कळतं मला."

आता जे खटकलं ते. एक, घडी डब्यात बसवल्यावर पुन्हा टांगून, हँडल ओढायला किती जोर लागतो ते प्रत्येकाचं मोजायला हवं. पहिल्या आठ-नऊ जणांचं झालं. तीन तास आर्द्रतेत गेल्यामुळे संध्याकाळी घाई झाली आणि शेवटच्या चौघांचं नुसतं डोळ्यांनी बघून सोडलं जाणार होतं. त्यात मी होते. मी अडून बसले, मग चौघांचंही मोजलं, माझं पाच किलो भरलं. पण अडून बसावं लागता कामा नये. त्यापेक्षा माणसं कमी घ्यावीत, दहाच. दोन, काट्याचं कॅलिब्रेशन. मी विचारलं तर दादांनी किराणा दुकानातून शिक्का मारलेलं पाच किलोचं वजन मागवून काटा माझ्यासमोर पडताळला, बरोबर निघाला. चांगलं केलं, पण हे सुरुवातीलाच सगळ्यांसमोर व्हावं. तीन, मावशींचं ठिगळ कुठे, केव्हा लावलं हे कार्डावर येत नाही. मी हाताने लिहून घेतलं. ही तिन्ही मी त्यांना तोंडावर सांगितली आणि त्यांनी वहीत उतरवून घेतली. स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नाही, हे कार्यालयाचं, पण बायका येणार असतील तर आयोजकांनीच बघावं.

पैसे: रिझर्व्हचे 1800, विंगचे 3500, मावशींचे 250 त्यांच्या हातात. मला हे महाग वाटलं नाही. दोन दिवस शिकवणीच झाली. ज्यांचं स्वतःचं सामान नाही, जे अजून पॅराग्लायडिंग शाळेच्या विंगवर शिकताहेत, त्यांनीही नुसतं टांगून घेऊन फेकायला जावं, त्याचे ते वेगळे पैसे घेत नाहीत. आणि जे फक्त एकदा टँडमची (पाईलटसोबत एकाच विंगवर उडण्याची) मजा घ्यायला कामशेतला किंवा पाचगणीला येतात त्यांनी पाईलटला एवढं विचारावं: रिझर्व्ह शेवटचं कधी उघडून बांधलं? चांगला पाईलट या प्रश्नाने रागावत नाही. तो तारीख सांगतो.

खंडेनवमीला आमच्याकडे पाटावर माझा व्हर्नियर, नवऱ्याचे पाने आणि या वर्षी पहिल्यांदा माझा हार्नेस होता. सासूबाईंनी कुंकवाची डबी हातात घेतली आणि मी म्हटलं, "आई, कापडाला नको, हेल्मेटला लावा." त्यांनी हेल्मेटला लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, मग कार्ड उचलून चष्मा नाकावर घेत सगळे आकडे वाचले आणि विचारलं, "आधी उणे का होते?" मी सांगितलं. आखडलेली लाइन म्हणजे काय ते त्यांना लगेच कळलं. पहिल्या धुण्यात आटलेलं परकराचं अस्तर त्यांनी आयुष्यभर पाहिलंय.

दसऱ्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी टेकडीवर वारा मऊ होता. गवत कंबरेपर्यंत, सोनकी अजून कुठे कुठे शिल्लक. मी विंग पसरली, लाइन पाहिल्या, हँडल चाचपलं आणि दोन पावलं टाकली. विंग उठली, डोक्यावर आली आणि तिथेच थांबली. मी ए रायझर सोडले. उतरल्यावर कार्डाच्या मागे पेनाने लिहिलं: सी ओळ सोडल्यानंतरचं पहिलं उड्डाण, 22 मिनिटं, विंग मागे रेंगाळत नाही.